भूक कशाने हटते? जालना जिल्ह्याच्या हकिकतीवरून काही विचार

धान्य अधिक पिकले म्हणजे भूक आपोआप कमी होते, असा समज आपणां शेतकरी वर्गात दृढ आहे. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु तो अर्धाच खरा आहे, आणि त्या अर्ध्यावर विसंबून वागल्याने आपल्या जिल्ह्यातील कित्येक कुटुंबांचे नुकसान झाले आहे, असे आमचे मत आहे. सन २०३० पर्यंत पृथ्वीवर कोणी उपाशी राहू नये, असा संकल्प संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली केला. त्यांच्याच अन्न व शेती संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली जगात सुमारे ६७ कोटी माणसांस पुरेसे अन्न मिळत नव्हते. धान्य मात्र सर्वांस पुरेल इतके पिकते. मग ते ज्याच्या पोटात जावयाचे त्याच्या पोटी का पडत नाही? याचे उत्तर शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही. जालना जिल्ह्याच्या गेल्या साठ वर्षांच्या हकिकतीत ते बरेचसे सापडते.

आम्ही महसूल खात्यात कारकुनी केली. त्या खात्यात गावची सुबत्ता अगर आपत्ती मोजण्याचे जुने माप म्हणजे पैसेवारी. वडीलधारी मंडळी अजून तीस आणेवारीच म्हणतात. पीक कापणीचे प्रयोग करावयाचे, उतारा तोलावयाचा, प्रमाण उताऱ्याशी ताडून पाहावयाचा, आणि पन्नास पैशांच्या आत भरल्यास गाव टंचाईचे समजावयाचे, अशी ती रीत. २०१६ साली केंद्र सरकारने दुष्काळ संहिता नव्याने केली, तीत पावसाचा खंड, जमिनीतील ओल, उपग्रहावरून दिसणारी पिकांची हिरवाई वगैरे नवी मापे आली. पण जुने माप असो की नवे, ते पिकाची स्थिती सांगते, माणसाची सांगत नाही. ज्याच्या नावे सातबारा नाही त्या मजुराचे गाव पन्नास पैशांच्या आत गेले, तर त्याचे काय बुडाले हे कोणत्याच रकान्यात उतरत नाही. त्याची बुडते ती मजुरी. आणि भूक प्रथम शिरते ती त्याच्या घरात.

ही गोष्ट १९७२ च्या दुष्काळात सर्वांच्या प्रत्ययास आली. त्या वेळी जालना हा स्वतंत्र जिल्हा नव्हता; तो १ मे १९८१ रोजी झाला. परंतु अंबड, भोकरदन, परतूर, जाफराबाद या भागांनी तो दुष्काळ पुरता भोगला. त्याआधीची दोन वर्षेही पावसाने राज्याच्या पुष्कळ भागांस दगाच दिला होता, त्यामुळे बळदे व पेवे अगोदरच रिकामी झाली होती. बंगालात १९४३ साली लाखो माणसे अन्नावाचून मेली. तसा प्रकार महाराष्ट्रात झाला नाही. का झाला नाही, हे नीट ध्यानात घेण्याजोगे आहे. राज्यात धान्य त्या वर्षी फारच थोडे पिकले होते. म्हणजे पिकाच्या हिशेबाने पाहता अनर्थ व्हावयास पाहिजे होता. परंतु सरकारने जागोजाग दुष्काळी कामे काढली. मे १९७३ मध्ये राज्यभर त्या कामांवर सुमारे पन्नास लाख मजूर होते. मजुरीचा पैसा हाती पडल्यामुळे लोकांस धान्य विकत घेता येऊ लागले, आणि जेथे घेणारा असतो तेथे धान्याची वाट वळते. शिवाय परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी स्वस्त धान्याच्या दुकानातून मिळे, व कामावर मुलाबाळांस सुकडी वाटीत. मिलोच्या भाकरीची चव ज्यांनी घेतली ते तिचे नाव अजून तोंड वाकडे करून घेतात. पण तिने जीव राखले, हे नाकारता येणार नाही.

त्या कामांपैकी खडी फोडण्याच्या कामाने शेतीस कवडीचा लाभ झाला नाही. पाझर तलाव, नालाबांध, ताली यांनी झाला, व जेथे ते डागडुजी करून राखले तेथे अद्याप होत आहे. वि. स. पागे यांनी त्यापूर्वीच मांडलेल्या विचाराला या दुष्काळाने बळ आले. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पुढे २००५ साली केंद्राने त्याच धर्तीवर सर्व देशासाठी कायदा केला. मागेल त्यास काम, ही कल्पना आपल्या कोरडवाहू मुलखातून निघाली व देशभर गेली, याची जाणीव आपल्यांतील थोड्यांसच आहे.

आता बियाण्याकडे वळू. या विषयात आपल्या जिल्ह्याचे नाव जगात झाले आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यास महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, स्थापिली. तत्पूर्वी त्यांनी भेंडीच्या पुसा सावनी या जातीचे बी वाढवून विकण्यास आरंभ केला होता. ही जात त्या काळी हळद्या रोगास दाद देत नसे. शेतकऱ्यांच्याच वावरात करारावर बीजोत्पादन करवून घ्यावयाचे, ते पारखून स्वच्छ करावयाचे, व लहान पिशवीतून लहान शेतकऱ्यापर्यंत पोहोचवावयाचे, हा त्यांचा क्रम. खाजगी धंद्याने चांगले बी खेड्यापर्यंत नेले, म्हणून १९९८ साली त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. गव्हाच्या बुटक्या जातींचे जनक नॉर्मन बोरलॉग यांनी हा पुरस्कार सुरू केला होता, आणि १९८७ साली तो पहिल्याने डॉ. स्वामिनाथन यांस मिळाला होता. बारवाले २०१७ साली वारले.

संकरित बी म्हणजे काय, हे पुष्कळांस नुसत्या पिशवीवरून ठाऊक असते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. ज्वारीच्या कणसात नर व मादी हे दोन्ही भाग एकाच फुलात असतात. त्यामुळे फूल बहुधा आपल्याच परागाने फळते. दोन निरनिराळ्या वाणांचा संकर घडवावयाचा तर एकाचा पराग बाद केला पाहिजे. ज्वारीची लक्षावधी बारीक फुले हाताने खुडणे अशक्य. यास्तव ज्याचा पराग जन्मतःच वांझ असतो असा मादी वाण शोधण्यात आला. त्याच्या ओळींशेजारी नर वाणाच्या ओळी पेरावयाच्या, आणि मादी ओळींवर धरलेले बी तेवढे संकरित म्हणून काढावयाचे. या रीतीने भारतातील पहिली संकरित ज्वारी सी.एस.एच. १ ही १९६४ साली प्रसृत झाली. आई-बाप परस्परांहून दूरचे असल्याने पहिल्या पिढीस जोम येतो. परंतु त्याच पिकाचे बी घरी राखून पुढील वर्षी पेरल्यास आई-बापांचे गुण विखुरतात, पीक खालीवर येते व जोम उतरतो. म्हणून संकरित बी दरसाल विकत घ्यावे लागते. यात कंपनीचे कपट नाही, निसर्गाचाच तो नियम आहे. मात्र त्या नियमाने बियाण्याचा खर्च शेतकऱ्याच्या माथी कायमचा बसला, हेही तितकेच खरे.

संकरित ज्वारी गावठी खरीप ज्वारीहून बरीच लवकर येई, त्यामुळे शेवटचा पाऊस चुकला तरी ती हाती लागे. एकरी उतारा पुष्कळ अधिक. पण लवकर पक्व होण्याचा तोटा असा की, दाणा भरावयाच्या वेळी पाऊस चालू असला म्हणजे कणीस काळे पडे. ताट आखूड, म्हणून कडबा कमी. भाकरीस गावठीची गोडी नाही. घरच्या बायांनी हायब्रीडची भाकरी नाइलाजाने केली, हे सांगावयास कृषिखात्याचा अहवाल नको. तरीही ज्याच्या घरी आषाढ-श्रावणात चूल थंड राहत असे, त्याच्या घरी ती पेटली. चवीची चर्चा पोट भरल्यावर सुचते.

बीजोत्पादनाचा दुसरा लाभ फारसा कोणी बोलून दाखवीत नाही, तो मजुरीचा. कपाशी व भेंडी यांचे फूल मोठे असते. तेथे संध्याकाळी कळीतील पुंकेसर बोटांनी काढून टाकावयाचे व सकाळी नराचा पराग लावावयाचा, असे काम हातानेच चालते. ते नाजूक असून बहुतेक स्त्रियाच करतात. जाफराबाद व त्यालगतच्या देऊळगाव राजाच्या बाजूस शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटो, काकडी यांचे बीजोत्पादन चालते. एका लहानशा जाळीच्या घरात हंगामभर जितक्या बायांस काम मिळते, तितके कित्येक एकर सोयाबीनमध्ये मिळत नाही. जागतिक बँकेने आपल्या २००८ च्या विकास अहवालात असे दाखविले की, दारिद्र्य कमी करण्याच्या कामी शेतीतून होणारी वाढ ही इतर धंद्यांतील वाढीहून निदान दुपटीने परिणामकारक असते. याचे इंगित आमच्या मते येथेच आहे. शेतीतील वाढ जर अनेक हातांतून गेली तर ती अनेक घरांत पोहोचते. एका यंत्रातून गेली तर एकाच घरात राहते.

परंतु बी कितीही उत्तम असले तरी ते पाण्यावाचून दगडच. आपल्या जिल्ह्यात गोदाकाठच्या अंबड-घनसावंगीच्या काही भागास जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी मिळते. बाकीचा मुलूख आभाळाकडे पाहणारा आहे. कोरडवाहू शेतकरी मात्र म्हणतो की आमच्याकडे पाऊसच नाही. हे बोलणे हिशेबाला धरून नाही. एक मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला म्हणजे सुमारे चार हजार लिटर पाणी झाले. साडेसहाशे मिलिमीटरच्या वर्षी दर एकरावर सव्वीस लाख लिटर पडते. पाच माणसांच्या कुटुंबास पिण्या-वापरण्यास माणशी रोज पंचावन्न लिटर धरले तरी साल अखेर एक लाख लिटर होतात. म्हणजे वानवा आहे ती पाऊस थोपवून धरण्याची.

हे थोपवून धरणे कसे असते ते जालना तालुक्यातील कडवंची गावाने दाखविले. खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्र विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाचे. त्या केंद्राच्या मार्गदर्शनाखाली १९९६ च्या सुमारास या गावी पाणलोटाचे काम सुरू झाले व काही वर्षांत पुरे झाले. पैसा भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचा होता, आणि त्या कार्यक्रमाची अट अशी की गावाने श्रमदान करावे, मोकाट चराई बंद करावी, व कुऱ्हाड थांबवावी. काम माथ्यापासून पायथ्याकडे केले. आधी डोंगरउतारावर सलग समतल चर, मग वावरांची बांधबंदिस्ती, त्यानंतर ओढ्यानाल्यांत बांध. पुष्कळ गावे उलट करतात. नाल्यातला बांध दिसावयास मोठा व फोटोस चांगला, म्हणून तो आधी बांधतात. मग वरची माती वाहून येऊन तो दोन-चार पावसाळ्यांत गाळाने भरतो. कडवंचीत माती वरच अडली, पाणी जिरले, विहिरींस टिकाऊ पाणी आले. कोरडवाहू पिकांच्या जागी द्राक्षबागा उभ्या राहिल्या. २०१२ च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, कित्येकांनी त्या उपटून सरपण केले. त्या वर्षी कडवंचीच्या बागा तगल्या, आणि महाराष्ट्रभरचे शेतकरी ते गाव पाहावयास आले.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, जरी ती काही वाचकांस रुचणार नाही. शेततळे दोन प्रकारचे असते. उतारावरून वाहणारे पाणी ज्यात येते ते एक. आणि प्लास्टिक अंथरून, विहिरीचे वा बोअरचे पाणी उपसून ज्यात साठवितात ते दुसरे. दुसरे तळे पाऊस धरीत नाही. भूमीच्या पोटात सर्वांच्या मालकीचे जे पाणी होते ते वर काढून ते एकाच्या नावावर करते, आणि उन्हाळ्यात त्यातील बरेचसे वाफ होऊन उडते. ज्याच्याजवळ मोठे तळे खोदण्याइतका पैसा आहे त्याची बाग तरते. शेजारच्या दोन एकरवाल्याची विहीर माघातच तळ गाठते. बागाईत वाढले, गावचे उत्पन्न वाढले, असे कागदावर दिसेल. त्या दोन एकरवाल्यास मात्र हाती कोयता घेऊन ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्राची वाट धरावी लागते, व मुलांची शाळा फडावर बुडते. गावच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडल्यावाचून शेततळ्यांचे अर्ज पुढे जाऊ नयेत, असे आम्हांस वाटते.

आता पैशाच्या पिकाविषयी. २००२ साली बीटी कपाशीस परवानगी मिळाली. तिच्यातही महिकोचे अंग होते. आरंभीची वर्षे बोंडअळीचा त्रास कमी झाला, फवारण्या घटल्या, कापूस वाढला. मग गुलाबी बोंडअळी त्या विषास सरावली आणि २०१७ साली तिने महाराष्ट्रात हाहाकार केला. तोपर्यंत जिल्ह्यातील ज्वारीची वावरे कपाशी व सोयाबीनखाली गेली होती. परिणाम असा की, ज्या शेतकऱ्याने पूर्वी चार घरांस धान्य पुरविले तोच पिशवी घेऊन रास्त भावाच्या दुकानी उभा राहू लागला. २०१५ साली राज्य सरकारने शेतकरी-आत्महत्याग्रस्त म्हणून गणलेल्या चौदा जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांस दोन रुपये किलोने गहू व तीन रुपये किलोने तांदूळ देण्याची योजना काढली. त्या चौदांत मराठवाड्यातील आठही जिल्हे, अर्थात जालनाही, होते. २०२३ पासून धान्याऐवजी, आरंभी माणशी दरमहा १५० रुपये खात्यावर जमा होऊ लागले. सरकारने दिले ते बरेच केले. परंतु काळ्या मातीच्या धन्यास धान्य घालावे लागते, ही सातबाऱ्यास शोभा नव्हे.

यावर कपाशी सोडा असे आम्ही सांगणार नाही. मीठ-मिरची, दवाखाना, मुलीचे लग्न, यांस रोकड लागतेच. आमचे म्हणणे हिशेबाचे आहे. पाच माणसांच्या घरास माणशी रोज चारशे ग्रॅम धरल्यास साल अखेर सव्वासात क्विंटलांहून किंचित अधिक ज्वारी लागते. कोरडवाहू रब्बी ज्वारी बेताच्या वर्षी एकरी चार क्विंटल धरली, तर दोन एकरांत घरचे दाणे भागून बैलजोडीस कडबाही होतो. मालदांडीसारख्या सरळ वाणाचे बी घरचेच राखता येते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ साली प्रसृत केलेल्या परभणी शक्ती या ज्वारीत लोह व जस्त नेहमीच्या वाणांहून अधिक आहे. ज्या घरात सुना-लेकींचे रक्त कमी भरते तेथे तिचा विचार अवश्य व्हावा. आठ-दहा एकरांच्या धन्याने दोन एकर याप्रमाणे काढून ठेवल्यास कपाशीचा भाव पडला तरी त्याच्या घरी भाकरी राहते, आणि भाकरी घरात असणारा मनुष्य व्यापाऱ्याच्या दारी घाईने माल टाकीत नाही. दोन एकरांच्याच धन्यास हा सल्ला लागू नाही, हे आम्ही जाणतो. त्याचा प्रश्न मजुरीचा व पाण्याचा आहे, आणि तो त्याच्या एकट्याने सुटणारा नाही.

येत्या खरिपापुरती एक सूचना करून लेख पुरा करतो. सोयाबीन हे स्वपरागी पीक आहे, त्याचे बी संकरित नसते. सबब तीन वर्षांपर्यंत घरचे बी पेरण्यास हरकत नाही. २०२० च्या खरिपात मराठवाडाभर विकतचे सोयाबीन उगवले नाही अशा तक्रारींचा पाऊस पडला व कित्येकांस दुबार पेरणी करावी लागली. ज्यांनी घरचे बी तपासून ठेवले होते त्यांस निदान काय पेरतो हे ठाऊक होते. सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते. पोते आपटले किंवा मळणीयंत्र जोरात फिरविले की अंकुर आतल्या आत मोडतो व वरून दाणा मात्र धडधाकट दिसतो. म्हणून बियाण्यासाठी मळणी सावकाश करावी, थप्पी उंच रचू नये, पोती ओल्या भिंतीस टेकू नयेत. पेरणीच्या पंधरा दिवस आधी, न निवडता घेतलेले शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या ओळींत मांडावे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावा व पाणी शिंपडीत जावे. सातव्या दिवशी उघडून सरळ व निरोगी मोड तेवढे मोजावेत. सत्तर किंवा अधिक निघाल्यास एकरी तीस किलो बी पुरे. पासष्ट निघाल्यास बत्तीस किलो घ्यावे, साठ निघाल्यास पस्तीस. त्याहून कमी निघाल्यास ते बी तेलाच्या घाण्याकडे धाडावे आणि तपासलेले दुसरे आणावे. पेरणी मात्र जमिनीत शंभर मिलिमीटरच्या आसपास ओल मुरल्यावरच करावी.